पुसली तरी परत उगवणारी जनरेटेड फाइल: आधी तिचा जन्म कुठे होतो ते शोधा

एका टेस्टने माझे दोन तास खाल्ले. फंक्शनमधली अट दुरुस्त केली, टेस्ट लाल. आत कन्सोल.लॉग टाकला, काहीच छापेना. शेवटी वैतागून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत एरर फेकली, तरी टेस्ट जुन्याच कारणाने फेल. म्हणजे मी जी फाइल बदलत होतो ती चालतच नव्हती.

टर्मिनलमध्ये फोल्डरची यादी काढली तेव्हा उलगडा झाला. डिस्काउंट.टीएस या टाइपस्क्रिप्ट फाइलच्या शेजारी तिच्यापासून बनलेली जावास्क्रिप्टची डिस्काउंट.जेएस बसली होती, तीन आठवडे जुनी. इम्पोर्टमध्ये एक्स्टेंशन दिलेलं नसेल आणि सेटिंग बदललेली नसेल, तर टेस्ट चालवणारा जेस्ट आधी .जेएस शोधतो, मग .टीएस. त्याला शेजारीच तयार जेएस मिळाली, त्याने तीच उचलली. गिट स्टेटसमध्ये मात्र तिचा पत्ता नव्हता, कारण सोर्स फोल्डरातल्या सगळ्या .जेएस फाइल्स गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत टाकलेल्या. एडिटरच्या साइडबारमध्येही ती दिसत नव्हती; .टीएस असेल तिथे त्याच नावाची .जेएस लपवायची सेटिंग मीच कधीतरी हौसेने लावली होती.

फाइल डिलीट केली, टेस्ट हिरवी झाली. चार दिवसांनी ती परत हजर.

बिल्डमधून पडणाऱ्या नको त्या फाइल्सवर आपण सहसा दोनच उपाय करतो, डिलीट किंवा इग्नोर. फाइल बनवणारा दोन्ही वेळा तसाच मोकळा राहतो. त्यातही इग्नोर जास्त फसवं. गिटइग्नोरमधली ओळ गिटसाठी असते; कंपायलर, टेस्ट रनर आणि बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं टूल) यांच्या लेखी फाइल जागच्या जागी असते. आपल्याला दिसेनाशी झालेली शिळी फाइल त्यांना मात्र दिसत राहते, आणि दोन तास जातात ते इथे.

गिटइग्नोरमध्ये ओळ आहे, तरी फाइल दिसतेच

हे सोपं प्रकरण आधी निकालात काढू. गिट स्टेटसमध्ये ती फाइल कशी दाखवली जाते ते बघा. 'मॉडिफाइड' असेल तर ती आधीपासून ट्रॅक होते आहे, म्हणजे गिटच्या नोंदीत आहे, आणि ट्रॅक होणाऱ्या फाइलला गिटइग्नोर लागूच होत नाही. प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी कुणीतरी 'गिट ॲड .' मारलं, त्यात बिल्ड फोल्डरही आत गेला, आणि गिटइग्नोर सुचली दुसऱ्या आठवड्यात. बहुतेक ठिकाणी इतिहास हाच असतो. अशा फाइल्स एकदम बघायच्या तर:

गिट एलएस-फाइल्स -आय -सी --एक्सक्लूड-स्टँडर्ड

इग्नोरच्या नियमात बसणाऱ्या पण तरीही ट्रॅक होणाऱ्या फाइल्सची यादी येते. रिकामी आली तर या बाबतीत तुम्ही सुटलात. नसेल तर 'गिट आरएम -आर --कॅश्ड' आणि पुढे फोल्डरचं नाव. कॅश्ड लिहायला विसरलात तर फाइल डिस्कवरूनही जाईल.

इथे एक खाच आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. कॅश्ड लावल्यामुळे तुमच्या मशीनवर फाइल राहते, पण तो कमिट जो कुणी पुल करेल त्याच्या मशीनवरून ती डिलीट होते. त्याच्या बाजूने तो साधा 'फाइल काढून टाकली' असा कमिट असतो. त्याने फाइलमध्ये स्वतःचे बदल करून ठेवले असतील तर पुल अडून बसेल, नसतील तर फाइल गुपचूप जाईल. ऑब्जेक्ट फाइल्स असतील तर बिघडलं कुठे, परत बनतील. लोकल कॉन्फिगची फाइल असेल तर मात्र टीमला आधी सांगा आणि कॉपी काढून ठेवायला लावा.

'अपडेट-इंडेक्स --अझ्यूम-अनचेंज्ड' लावा, असा सल्लाही बरेच जण देतात. मी देणार नाही. ती सोय वेगासाठी आहे: 'ही फाइल मी बदलणार नाही, तपासत बसू नकोस' असं आपण गिटला सांगतो. आणि लगेच फाइल बदलतो. कधीतरी ब्रांच बदलताना गिट हटून बसतं आणि का ते कुणालाच आठवत नाही.

स्टेटसमध्ये 'अनट्रॅक्ड' असेल तर नियमच जुळत नाहीये. 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे फाइलचा पाथ द्या. कोणत्या फाइलमधल्या कितव्या ओळीचा कोणता नियम लागला ते छापून येतं. काहीच छापलं नाही तर एकही नियम लागलेला नाही. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात हास्यास्पद कारण म्हणजे 'बिल्ड/ # आउटपुट' अशी ओळ. हॅशची टीप ओळीच्या सुरुवातीलाच चालते, मध्ये लिहिली की तीही नियमाचा भाग होते. दुसरं कारण शेवटचा स्लॅश. 'बिल्ड/' हा नियम खऱ्या डिरेक्टरीला लागतो, सिमलिंकला, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या लिंकला, लागत नाही. कुणी बिल्ड फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी सिमलिंक ठेवली की नियम त्याच दिवसापासून गळतो. बेझल हे बिल्ड टूल वापरणाऱ्यांना हे लवकर कळतं, कारण त्याचे बेझल-बिन, बेझल-आउट वगैरे सगळे सिमलिंकच असतात. तिथे 'बेझल-*' असं स्लॅशशिवाय लिहायचं.

विंडोजवर पॉवरशेल ५.१ मध्ये 'एको' करून बाणाने गिटइग्नोर बनवली असेल तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. नोटपॅडमध्ये अगदी व्यवस्थित दिसते आणि गिटला एक अक्षर कळत नाही. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, प्रश्न मिटतो.

आणि तुमच्या एडिटरच्या स्वॅप फाइल्स, मॅकच्या .डीएस_स्टोअर वगैरे गोष्टी प्रोजेक्टच्या गिटइग्नोरमध्ये कोंबू नका. त्या तुमच्या मशीनच्या सवयी आहेत, होम फोल्डरातल्या .कॉन्फिग/गिट/इग्नोरमध्ये एकदा लिहून टाका.

फाइल बनवतंय कोण

आता डिस्काउंट.जेएसकडे. दुसऱ्यांदा उगवल्यावर मी पहिलं काम केलं ते गिटइग्नोरमधली .जेएसची ओळ काढण्याचं, आणि एडिटरची लपवाछपवी बंद करण्याचं. फाइल आली तर दिसली पाहिजे. मग टीएसकॉन्फिगमध्ये, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'नोएमिट' चालू केलं. आमचा खरा बिल्ड बंडलर करतो, टाइपस्क्रिप्टचा कंपायलर फक्त टाइप तपासायला. त्याने फाइल लिहायचं कारणच नाही. समाधानाने झोपलो. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, अनट्रॅक्ड म्हणून.

तेव्हा अंदाज बांधणं सोडलं आणि जुनी युक्ती काढली. एक खुणेची फाइल बनवायची, एक पायरी चालवायची, आणि खुणेपेक्षा नवीन काय काय झालं ते विचारायचं:

टच /टीएमपी/खूण
एनपीएम रन बिल्ड
फाइंड . -टाइप एफ -न्यूअर /टीएमपी/खूण -नॉट -पाथ './.गिट/*'

बिल्डनंतर फक्त डिस्ट फोल्डरातल्या फाइल्स. परत टच, मग टेस्ट: कव्हरेजचा रिपोर्ट, बाकी काही नाही. परत टच, मग डेव्ह सर्व्हर चालू करून बंद: शांत. मग जेवढं उरलं होतं तेवढं करून बघितलं. डिस्काउंट.टीएसमध्ये एक स्पेस वाढवून कमिट केला, फाइंड चालवलं, आणि यादीत सोर्स/डिस्काउंट.जेएस.

दोषी होता कमिटच्या आधी आपोआप चालणारा हुक. त्यात लिंट-स्टेज्ड हे टूल होतं, आणि .टीएस फाइल्ससाठी 'टीएससी' (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) अशी साधी कमांड लिहिलेली. लिंट-स्टेज्ड आपल्या कमांडच्या मागे स्टेज केलेल्या फाइल्सची नावं जोडतं, हेच त्याचं काम. पण आमच्या आवृत्तीतल्या टीएससीला फाइलचं नाव थेट दिलं की ती टीएसकॉन्फिग बघतच नाही. म्हणजे नोएमिटही गेलं, आउटपुटचा फोल्डर ठरवणारं आउटडिरही गेलं, आणि प्रत्येक .टीएसच्या शेजारी .जेएस टाकायचं जे मूळ वळण आहे त्यावर ती आली. जी फाइल कमिट कराल तिचीच जेएस उगवणार, बाकीच्यांची नाही. म्हणूनच ती 'मधूनच कधीतरी' येते असं वाटत होतं.

'-पी' लावून कॉन्फिग सांगायला गेलो तर टीएससी म्हणते, प्रोजेक्ट आणि फाइलची नावं एकत्र देता येत नाहीत. उपाय असा की लिंट-स्टेज्डच्या कॉन्फिगमध्ये कमांडच्या स्ट्रिंगऐवजी फंक्शन द्यायचं, जे फाइल्सची नावं घेतं पण वापरत नाही आणि नुसतं 'टीएससी -पी टीएसकॉन्फिग.जेसन' परत करतं. तपासणी पूर्ण प्रोजेक्टची होते, थोडी हळू होते. त्यानंतर फाइल आली नाही.

खुणेची युक्ती कुठल्याही टूलला चालते. विंडोजवर प्रोसेस मॉनिटर हे मायक्रोसॉफ्टचं मोफत टूल फाइलच्या नावावर फिल्टर लावून कोणत्या प्रोसेसने ती लिहिली हे थेट दाखवतं. आणि लिनक्सवर डिलीट करताना 'परमिशन डिनाइड' आलं तर 'एलएस -एल' मारून मालक बघा. मालक रूट असेल तर कंटेनरमध्ये बिल्ड करून सोर्स फोल्डर आत माउंट केलेला आहे, हे जवळपास नक्की. सुडो लावून पुसण्यापेक्षा कंटेनर चालवताना '--यूझर' देऊन आपला यूझर आयडी द्या.

सोर्समध्येच बिल्ड: सीमेकचा अडकित्ता

सी आणि सी++ प्रोजेक्टचा बिल्ड मांडून देणाऱ्या सीमेकमध्ये हा प्रकार एका टिंबाने होतो. प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून 'सीमेक .' मारलं की सीमेककॅश.टीएक्सटी, सीमेकफाइल्स फोल्डर, प्रत्येक सबफोल्डरात मेकफाइल, असा सडा सोर्सभर पडतो. सीमेक स्वतः तो आवरायचं 'डिस्टक्लीन' बनवून देत नाही. 'मेक क्लीन' ऑब्जेक्ट फाइल्स काढतं, हा सडा तसाच राहतो.

खरी गंमत पुढे. चूक लक्षात आली, वेगळा बिल्ड फोल्डर केला, आत जाऊन 'सीमेक ..' मारलं, आणि बिल्ड फोल्डर रिकामाच. कारण दिलेल्या पाथवर सीमेककॅश.टीएक्सटी असेल तर सीमेक तोच आधीचा बिल्ड फोल्डर मानतं. तुम्ही सोर्स म्हणून बोट दाखवलं, त्याला ते बिल्ड वाटलं. सोर्समधली कॅश फाइल आणि सीमेकफाइल्स फोल्डर काढल्याशिवाय सुटका नाही.

'सीमेक -एस . -बी बिल्ड' असं दोन्ही बाजू स्पष्ट सांगणारं रूप २०१८ च्या ३.१३ आवृत्तीपासून आहे. तेच वापरा. पण फक्त एवढ्याने भागत नाही, कारण जुन्या चुकीतून बनलेली कॉन्फिग.एच सोर्समध्ये पडून असू शकते. इनक्लूडमध्ये नाव अवतरणचिन्हांत असेल तर कंपायलर आधी इनक्लूड करणाऱ्या फाइलच्याच फोल्डरात बघतो. म्हणजे बिल्ड फोल्डरात ताजी कॉन्फिग.एच असूनही शेजारची शिळी उचलली जाते. तुम्ही पर्याय बदलता, सीमेक परत चालवता, प्रोग्रॅम ढिम्म. माझ्या डिस्काउंट.जेएसचीच ही सख्खी बहीण.

काही जण सीमेकलिस्टमध्ये सोर्स आणि बायनरी डिरेक्टरी एकच असल्यास फेटल एरर देणारी अट लिहितात. लिहा, चांगली आहे. पण ती अट वाचली जाईपर्यंत सीमेक कामाला लागलेलं असतं, त्यामुळे कॅश फाइल आणि सीमेकफाइल्स फोल्डर तरीही पडतात. एररच्या मजकुरात 'या दोन गोष्टी डिलीट करा' हेही लिहून ठेवा.

अर्धवट लिहिलेली फाइल

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक हे बिल्ड टूल लिहिलं, आणि त्याचा निकष तेव्हापासून एकच: टार्गेटची वेळ सोर्सपेक्षा नवी असेल तर काम झालं. फाइलच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता हा नियम बघा:

स्कीमा.एच: स्कीमा.जेसन
पायथन३ जेन.पीवाय स्कीमा.जेसन > स्कीमा.एच

बाण दिसला की शेल आधी स्कीमा.एच रिकामी करून उघडतं आणि मग पायथन चालवतं. जेसनमध्ये स्वल्पविराम चुकला, पायथन मेलं, मेक थांबलं. डिस्कवर शून्य बाइटची, पण ताज्या वेळेची स्कीमा.एच उरली. परत 'मेक' मारलं की त्याच्या मते ती फाइल तयार आहे, आणि पुढे भलत्याच सी फाइलमध्ये 'हा टाइप माहीत नाही' अशा पन्नास एरर येतात. लोक म्हणतात, 'मेक क्लीन मारा, होतं ठीक.' होतं, पुढच्या स्वल्पविरामापर्यंत.

मेकफाइलमध्ये कुठेही '.डिलीट_ऑन_एरर:' एवढी एक ओळ टाका. पायरी फेल झाली की बदललेलं टार्गेट मेक स्वतः पुसतं. जीएनयू मेकच्या मॅन्युअलमध्येच म्हटलंय की बहुतेक वेळा तुम्हाला हेच हवं असतं, पण जुनी प्रथा तशी नसल्यामुळे मागून घ्यावं लागतं. माझ्या प्रत्येक मेकफाइलची पहिली ओळ तीच असते. आणि 'मेक क्लीन' म्हटल्यावर 'क्लीन इज अप टू डेट' असं उत्तर आलं तर कुणीतरी क्लीन नावाची फाइल बनवून ठेवली आहे, '.फोनी: क्लीन' लिहा, म्हणजे क्लीन ही फाइल नाही हे मेकला कळतं.

वेळेवरून आणखी एक. जनरेटेड फाइल कमिट करून ठेवली आणि ती मेकचं टार्गेटही असेल तर क्लोन केल्यावर काय होईल ते नशिबावर. गिट फाइलची वेळ साठवत नाही. चेकआउटच्या क्षणी जी पडेल ती. कुणाच्या मशीनवर स्कीमा.एच आधी लिहिली जाईल, कुणाच्या नंतर. एकाकडे जनरेटर चालतो आणि फाइल 'मॉडिफाइड' होते, दुसऱ्याकडे काहीच नाही. 'माझ्याकडे येत नाही' हे वाक्य अशा वेळी दोघांचंही खरं असतं.

पायथन: रिकाम्या फोल्डरचं भूत

पायथन कंपाइल केलेला कोड ज्यात ठेवतं तो __पायकॅश__ फोल्डर बिचारा बहुतेक वेळा निरुपद्रवी. एकच चकवा लक्षात ठेवा. जुन्या ब्रांचमध्ये रिपोर्ट्स नावाचं पॅकेज होतं, नव्या ब्रांचमध्ये नाही. गिटने .पीवाय फाइल्स काढल्या, पण इग्नोर केलेला __पायकॅश__ आत उरल्यामुळे फोल्डर राहिला. पायथन ३.३ पासून __इनिट__ नसलेला फोल्डरही नेमस्पेस पॅकेज म्हणून इम्पोर्ट होतो. त्यामुळे 'इम्पोर्ट रिपोर्ट्स' बिनबोभाट चालतं आणि हाती येतं पोकळ मॉड्यूल. 'इम्पोर्ट झालं तर फीचर आहे' अशी अट कोडमध्ये असेल तर ती सरळ खोटं बोलते. कॅश सोर्सबाहेरच बनवायची असेल तर ३.८ पासून पायथनपायकॅशप्रीफिक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे.

झाडू मारताना

'गिट क्लीन'मध्ये स्मॉल एक्स आणि कॅपिटल एक्स यांत फरक आहे. कॅपिटल एक्स फक्त इग्नोर केलेल्या फाइल्स काढतो. स्मॉल एक्स त्यांच्यासोबत अजून ॲड न केलेल्या, म्हणजे तुम्ही सकाळपासून लिहीत असलेल्या नव्या फाइल्सही नेतो. आणि दोन्ही .ईएनव्ही ही लोकल सेटिंगची फाइल नेतात, कारण ती सहसा इग्नोर असते. त्या फाइल्स गिटमध्ये कधी गेल्याच नव्हत्या, तेव्हा परत आणायलाही काही नाही. आधी '-एन' लावून नुसती यादी बघा, मग '-एफ'. माझ्या शेलमध्ये 'एनडीएक्स' कॅपिटल एक्ससह एलियस म्हणून ठेवलंय. एफ हाताने टाइप करावा लागतो, तेवढ्यात नजर फिरते.

कमिट करायच्या त्या, आणि पहारा

सगळ्याच जनरेटेड फाइल्स केर नसतात. पॅकेज-लॉक.जेसन किंवा कार्गो.लॉक टूलनेच लिहिलेल्या, पण कोणती आवृत्ती घ्यायची हा निर्णय त्यांच्यात असतो. लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या आल्यावर तोच निकाल परत मिळेल याची खात्री नाही. गो भाषेत जनरेट केलेला कोड कमिट करण्याची पद्धत आहे, कारण 'गो बिल्ड' आपणहून 'गो जनरेट' चालवत नाही. अशा फाइलच्या वर 'हाताने बदलू नका' ही ओळ हवी.

आणि सीआयमध्ये, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, एक पायरी: बिल्ड, टेस्ट आणि सगळे जनरेटर चालवून झाल्यावर 'गिट स्टेटस --पोर्सलेन'चं आउटपुट रिकामं आहे का बघा, नसेल तर बिल्ड फेल करा आणि ती यादी लॉगमध्ये छापा. 'गिट डिफ --एक्झिट-कोड' वापरू नका. त्याला अनट्रॅक्ड फाइल्स दिसत नाहीत. कमिटचे हुक सीआयवर चालत नसल्यामुळे माझी डिस्काउंट.जेएस या पहाऱ्यातूनही निसटली असती, म्हणून '--इग्नोर्ड' लावलेलं स्टेटस मी आठवड्यातून एकदा स्वतःच्या मशीनवर हाताने बघतो. मागच्या वेळी त्यात एका जुन्या ब्रांचचा कव्हरेज रिपोर्ट आणि कुणाचाच नसलेला एक आउट२ नावाचा फोल्डर निघाला. खुणेची फाइल बनवली आहे, आउट२ कोण बनवतंय ते अजून सापडायचंय.